रविवारची ड्युटी

“समीक्षा, बाय, तुमचा तो बॅकअपचा सर्व्हर मघापासून ओरडतोय. अर्धा तास झाला. कुणी बघितलंन का नाय?”

समीक्षा उतेकर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोह्यांची बशी घेऊन नुकतीच टेकली होती. फोनवर मथुराकाकी होत्या, दीपक चाळके सरांची बायको. सरांना जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

“काय आलंय काकी? वाचून दाखवा ना.”

“थांब, चष्मा लावते. डिस्क... त्र्याण्णव टक्के. त्याच्याखाली परत तेच. मग चौऱ्याण्णव. हे वाढत चाललंय गो.”

समीक्षाने स्वतःचा फोन काढून पाहिला. तोच मेसेज तिलाही आला होता, पण सकाळपासून आलेल्या दीडशे-एकशे साठ मेसेजांच्या ढिगात तो कुठे गाडला गेला, तिला कळलंच नव्हतं. पोहे तसेच सोडून ती जिना चढून वर पळाली. जुन्या फायली हलवल्या, जागा मोकळी केली, आकडा खाली येताना पाहिला आणि मगच श्वास सोडला. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर रात्री त्या दिवसाच्या नोंदींची राखीव प्रत घ्यायला जागाच उरली नसती. तिने काकींना फोन लावला.

“झालं काकी.”

“हां, आता हिरवा आला,” काकी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

लोट्यातली ही कंपनी औषधांचा कच्चा माल बनवायची. माल खाली तीन शेडमध्ये शिजायचा, पण कुठल्या बॅचमध्ये काय, किती आणि कुणी घातलं, याची नोंद संगणकात झाल्याशिवाय खाली एक पिंपसुद्धा उघडायची परवानगी नव्हती. त्या नोंदी सांभाळणारे चौदा सर्व्हर वरच्या मजल्यावर एका थंडगार खोलीत होते, आणि ती खोली एकोणीस वर्षं चाळके सरांनी सांभाळली होती. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला त्या चौदांची विचारपूस करायचं. कुणी तापलंय का, कुणाची जागा भरत आलीय का, कुणी मधेच गप्प तर झालं नाही ना. काही बिनसलं की लाल मेसेज यायचा, सुधारलं की हिरवा. हे मेसेज दोनच फोनवर जायचे. एक सरांचा, दुसरा समीक्षाचा.

सर गेल्यावर त्यांचा नंबर त्या यादीतून काढायला हवा होता. मुसळे साहेबांनी, म्हणजे प्लँटच्या मॅनेजरनी, तिसऱ्याच दिवशी तसं सांगितलंही होतं. समीक्षाने ते पान उघडलं, सरांच्या नावावर बाण नेला, आणि पान बंद केलं. उद्या करू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिकडे खेडमध्ये काकी सरांचा फोन रोज चार्ज करून ठेवत होत्या. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला फोन आला, की कुठल्या तरी मशीनचा पंखा बंद पडलाय असं इथे लिहून आलंय. तेव्हापासून हे सुरूच होतं. संसाराची इतकी वर्षं त्या फोनच्या आवाजाला कंटाळलेली बाई आता त्याचाच आवाज ऐकत घरात बसलेली असे.

समीक्षाला नंबर का काढवत नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं. कारण सर गेले तो रविवार खरं तर तिचा होता.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. ड्युटीच्या तक्त्यात तिचं नाव होतं. पण त्याच दिवशी चिपळूणला तिच्या आतेबहिणीचा साखरपुडा होता. शुक्रवारी तिने भीतभीत विषय काढला, तर सर हसले होते.

“जा गो. साखरपुडा काय रोज असतो? माझा रविवार तसाही मोकळाच. मथुरा मटण करेल, मी जेवेन, झोपेन.”

रविवारी दुपारी बारा चाळीसला, हॉलमध्ये फोटो काढणं चाललेलं असताना तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. बॅचच्या नोंदी घेणारी संगणकातली सेवा बंद पडली होती. म्हणजे खालचं काम ठप्प. औषधांचा मामला असल्यामुळे त्या सर्व्हरला बाहेरून हात लावायची सोय नव्हती, कुणीतरी जाऊन समोर बसायलाच हवं होतं. ती हॉलबाहेर येऊन फोन लावणार, इतक्यात सरांचाच आला.

“बघितलंस ना? तू जेव. मी निघालो.”

“सर, मी येते ना. रिक्षा करून...”

“चिपळुणातनं येईस्तोवर मी काम करून घरी पोचेन. जेव तू.”

पावणेदोनच्या सुमाराला, पानात जिलेबी वाढली जात असताना तिने फोन पाहिला. एक चाळीसचा हिरवा मेसेज आला होता. सेवा सुरू झाली होती. तिला हायसं वाटलं. नेहमी ती अशा वेळी सरांना फोन करायची, काय झालं होतं ते विचारायची. त्या दिवशी केला नाही. आता ते घरी निघाले असतील, गाडीवर असतील, कशाला फोन, असं तिच्या मनात आलं. तिने फोन पर्समध्ये टाकला.

तीन वीसला फेरीवर आलेल्या सिक्युरिटीच्या फारुकभाईला सर सर्व्हर रूममध्ये जमिनीवर पडलेले सापडले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका, सव्वादोनच्या आसपास गेले असावेत.

मार्चअखेर मुसळे साहेबांनी समीक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

“मे महिन्यात ऑडिट आहे. बाहेरदेशातले लोक येतील. त्या रविवारी बॅचच्या नोंदी तासभर बंद होत्या, त्याचा अहवाल आपल्याकडे नाही. एक पान पुरे. काय झालं, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय केलं. चाळक्यांचा विषय त्यात आणायची गरज नाही. ते वेगळं.”

साहेब वाईट माणूस नव्हता. सरांच्या घरी तो तीनदा जाऊन आला होता, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर दिवसभर कुणाशी बोलला नव्हता. समीक्षा ‘हो’ म्हणाली.

अहवाल लिहायचा तर नोंदी वाचायला हव्या होत्या. प्रत्येक सर्व्हरवर कुणी कधी काय टाइप केलं, ते सेकंदासकट जपून ठेवलेलं असतं. महिनाभर तिने ते पान उघडलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत, तिने ते उघडलं.

सेवा का बंद पडली, ते पहिल्या पाच ओळींतच कळलं. शनिवारी संध्याकाळी त्या सर्व्हरवर तिनेच काम केलं होतं. नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला होता, पण सेवेला तो नवा पासवर्ड द्यायचा राहिला होता. साडेपाचची कंपनीची बस गाठायची होती, घरी मेंदीवाली यायची होती. रविवारी दुपारी सर्व्हर आपोआप बंद होऊन सुरू झाला, आणि सेवा जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभी राहिली. तिला कुणी आत घेतलं नाही.

ड्युटी तिची होती, हे तिला माहीत होतं. चूकही तिचीच होती, हे तिला त्या सकाळी कळलं.

मग तिने पुढच्या ओळी वाचल्या. दाराच्या कार्डाच्या नोंदीप्रमाणे सर एक चौदाला आत आले होते. एक बावीसला त्यांना कारण सापडलं होतं, म्हणजे शनिवारी कुणाचा हात लागला तेही त्यांना तेव्हाच दिसलं असणार. तिथून पुढे एका ओळीचं काम होतं. सरांची बोटं त्या ओळी झोपेतसुद्धा बिनचूक मारायची, सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. पण एक पंचवीसला त्यांनी ती ओळ चुकवली. परत मारली, परत चुकली. मग चार मिनिटं काहीच नाही. मग अर्धाच शब्द, तो पुसलेला. असं सात वेळा. एक चाळीसला ती ओळ बरोबर पडली, आणि त्याच मिनिटाला चिपळूणच्या हॉलमध्ये तिच्या पर्समधल्या फोनवर हिरवा मेसेज येऊन पडला होता.

त्यानंतर त्यांनी कामाच्या नोंदीचं पान उघडलं होतं. हे पान ते कधी टाळत नसत. काम होईल ते होईल, पण पुढच्या माणसाला कळायला हवं, असं ते तिला रोज ऐकवायचे. पानावर एवढंच होतं.

‘सेवा सुरू केली. समीक्षाला सोमवारी’

वाक्य तिथेच थांबलं होतं. संगणकाने ते आपणहून जपून ठेवलं होतं, एक बावन्नला.

काय सोमवारी? झापायचं? शिकवायचं? की नुसतं विचारायचं, साखरपुडा कसा झाला म्हणून? समीक्षा दिवसभर त्या शब्दापुढे निरनिराळे शब्द लावून बघत राहिली. एकही बसला नाही.

पुढच्याच गुरुवारी मथुराकाकी कंपनीत आल्या. सरांचं कपाट रिकामं करून न्यायचं होतं. कपाटात होतं काय, तर एक स्वेटर, चष्म्याची जुनी काडी, पेनं, आणि गोळ्यांची एक अर्धी पट्टी. ती पट्टी काकींनी उलटसुलट करून पाहिली आणि पिशवीत टाकली.

“ती खोली दाखवशील?” त्यांनी विचारलं.

बाहेरच्या माणसाला तिथे नेता येत नसे. समीक्षाने मुसळे साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. साहेबांनी काचेतूनच होकाराची मान डोलावली. रजिस्टरमध्ये काकींनी सही केली, ‘मथुरा दीपक चाळके’, आणि दोघी आत गेल्या.

आत पंख्यांचा सतत आवाज होता, घाटात ट्रक चढताना येतो तसा, फक्त न थांबणारा. काकींनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

“केवढी थंडी आहे.”

“मशीनना लागते काकी.”

“स्वेटर कशाला नेताय म्हटलं, तर उन्हाळ्यात पण न्यायचे.” त्यांनी चौदा मशीनच्या त्या रांगेवरून नजर फिरवली. “कुठे होते ते?”

समीक्षाने खुर्ची आणि मशीनच्या रांगेमधली जागा दाखवली. काकी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वाकल्या नाहीत, रडल्या नाहीत. जमिनीवरच्या पांढऱ्या फरशीकडे बघत राहिल्या.

“एक विचारते. खरं सांग हां. साहेब म्हणाले, एका क्षणात गेले, त्रास झाला नाय. डॉक्टर पण तसंच म्हणाले. मी धरून चालले. एका क्षणात गेले म्हणजे मला फोन करायला वेळच नव्हता. पण फारुक भेटायला आला होता. तो बोलता बोलता बोलून गेला, की शर्टाची वरची दोन बटणं काढलेली होती. एका क्षणात जाणारा माणूस बटणं काढत बसतो का गो?”

समीक्षाला खोटं बोलता आलं असतं. मला काही ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या ओळी तिच्याखेरीज कुणी वाचल्या नव्हत्या, आणि कुणी वाचणारही नव्हतं.

“नाही काकी,” ती म्हणाली. “एका क्षणात नाही गेले. आत आल्यावर दहा मिनिटांतच त्यांना बरं वाटेनासं झालं असणार.”

“तुला काय ठाऊक?”

समीक्षाने स्क्रीन लावली. एकेक ओळ बोटाने दाखवत, कुठे चुकलं, कुठे थांबले, किती वेळ थांबले, ते सांगत गेली. त्या इंग्रजी आज्ञांचा अर्थ काकींना कळत नव्हता, पण समोरच्या वेळा कळत होत्या. एक पंचवीस. एक एकोणतीस. एक तेहतीस. त्या प्रत्येक आकड्याला ओठ हलवत होत्या.

“म्हणजे दुखत होतं, आणि हे करत बसले.”

“हो.”

“इथून फोन लागतो?”

“मोबाइल लागत नाही आत. भिंती जाड आहेत. तो बघा, भिंतीवर इंटरकॉम आहे.” खुर्चीपासून इंटरकॉम आठ-दहा पावलांवर होता. “शेवटी तिथवर जायची ताकद राहिली नसेल काकी.”

“शेवटी नसेल. पण आधी? एक पंचवीसला होती ना?” काकींचा आवाज पहिल्यांदा चढला. “तेव्हा उठायचं. सांगायचं कुणाला तरी. दुसरी भाकरी मोडली होती तेवढ्यात हा फोन वाजला. म्हटलं, दोन घास खाऊन जा. तर म्हणाले, खाली माणसं हात बांधून उभी असतील. हात बांधून उभी राहिली असती तर काय झालं असतं?”

समीक्षाने एक चाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि हे झाल्यावर? एक चाळीसनंतर?”

“मग नोंद लिहायला घेतली.”

“काय लिहिलं?”

हे पान दाखवावं की नाही, या विचाराने समीक्षा आठवडाभर झोपली नव्हती. आता विचार करायला वेळच उरला नाही. तिने ते उघडलं. ही ओळ मराठीत होती. काकींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. त्या पाच शब्दांवरून त्यांची नजर दोनदा, तीनदा फिरली.

“ह्यात माझं नाव नाय,” त्या म्हणाल्या.

मग समीक्षाकडे वळून म्हणाल्या, “तुझं कशाला? तू कुठे होतीस त्या दिवशी?”

“चिपळूणला. आतेबहिणीचा साखरपुडा होता. ड्युटी माझी होती काकी. सरांनी माझ्याऐवजी घेतली.” थांबायचं तर इथे थांबता आलं असतं. “आणि ते जे बंद पडलं होतं, ते माझ्याच चुकीने. आदल्या दिवशी माझ्याकडून काम अर्धं राहिलं. मलाही गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. सरांना मात्र त्या दिवशीच कळलं असणार, इथे बसल्यावर.”

खुर्चीच्या पाठीवर काकींनी हात ठेवला होता, तो त्यांनी काढून घेतला. मग त्यांनी छताजवळच्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे चौदा चौकोन होते, चौदाही हिरवे.

“हे असंच होतं त्या दिवशी?”

“एक चाळीसनंतर, हो.”

“हे खाली पडलेले, आणि वर हे असं?”

“हो काकी. सगळं हिरवंच होतं. मी पण तेच बघून गप्प बसले.”

काकींनी पिशवीतून सरांचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. “हा नंबर काढ. आत्ता काढ, माझ्यासमोर.”

समीक्षाने यादी उघडली. सरांच्या नावावर बाण नेला. ‘नक्की काढायचं का’ असं संगणकाने विचारलं. तिने ‘हो’ दाबलं. यादीत एकच नाव उरलं.

साडेपाचच्या बसला वेळ होता, पण काकी थांबल्या नाहीत. गेटवर फारुकभाईने रिक्षा थांबवून दिली. समीक्षा मागे मागे गेली होती. रिक्षात बसताना काकी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “मला आता फोन करू नको. घरी पण येऊ नको.”

अहवाल समीक्षाने त्याच आठवड्यात लिहिला. एक पान नाही, चार पानं झाली. मूळ कारणाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, शनिवारी काय राहिलं ते लिहिलं. त्याखाली लिहिलं की दिवसाला तीनशे मेसेज येतात, त्यातले वीसही कामाचे नसतात, त्यामुळे कामाचा मेसेज दिसत नाही. रजेच्या दिवशी एकटा माणूस खोलीत जातो, तो बाहेर आला की नाही हे बघायची कुणाचीच जबाबदारी नाही. दारावर त्याचं कार्ड आत गेल्याची नोंद होते आणि दोन तास बाहेर पडल्याची होत नाही, तरी कुठेही लाल दिवा लागत नाही. आणि शेवटी तिने सरांच्या मृत्यूची वेळ लिहिली.

मुसळे साहेबांनी चारही पानं तिच्यासमोर वाचली. वाचताना मधेच त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले.

“हे ऑडिटरला दाखवायचं?”

“तुम्ही ठरवा सर. पण त्या रकान्यात मला दुसरं काही लिहिता येणार नाही.”

“नोकरी जाईल तुझी. माझीही जाऊ शकते.”

“माहीत आहे.”

साहेबांनी पानं खणात ठेवली. दोन दिवस ती खणात होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर सही करून ती मुंबईच्या ऑफिसला पाठवली, आणि समीक्षाशी त्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत.

नोकरी दोघांचीही गेली नाही. समीक्षाच्या फाइलला ताकीद लागली. मे महिन्यात ऑडिटर आले, त्यांतल्या एका बाईंनी तो अहवाल मन लावून वाचला आणि एकच प्रश्न विचारला. हे सगळं एकटा माणूस किती वर्षं बघत होता? “एकोणीस,” मुसळे साहेब म्हणाले. बाईंनी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि त्या पुढच्या फाइलकडे वळल्या.

जूनमध्ये दापोलीचा स्वरूप नावाचा इंजिनिअर रुजू झाला, ऑगस्टमध्ये आणखी एक जण. बिनकामाचे मेसेज समीक्षाने एकेक करून बंद केले. प्रत्येक मेसेज का येतो, आला तर कुणी काय करायचं, हे ज्याचं लिहून होईल तोच ठेवायचा, असं ठरवलं. तीनशेचे पंधरा-वीस झाले. खोलीत एकट्याने जायचं नाही, हा नियम झाला. जावंच लागलं तर गेटवरून दर पंधरा मिनिटांनी इंटरकॉम करायचा, आणि उचलला नाही तर थेट वर जायचं. फारुकभाई हे काम इतक्या काटेकोरपणे करायचा की स्वरूप वैतागायचा. “आत्ता तर बोललो ना चाचा,” म्हणायचा. समीक्षा त्याला काही समजावत बसत नसे. “उचलत जा,” एवढंच सांगायची.

हे सगळं सर असताना करता आलं असतं. त्यातलं काहीच अवघड नव्हतं. कुठे नवीन यंत्र आणावं लागलं नाही, कुठे कुणाची मोठी परवानगी लागली नाही. एखाद्या मंगळवारी चहा पिता पिता ती सरांना म्हणू शकली असती, की सर, हे बरोबर नाही, तुम्ही एकटे किती बघणार. ते हसले असते, पण तिने धरून बसायचं. हा विचार तिला जेवताना यायचा, बसमध्ये यायचा, आणि तो आला की समोरचा माणूस काय बोलतोय ते तिला ऐकू यायचं नाही. घरी आईने दोनदा स्थळाचा विषय काढला. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही, उठून अंगणात गेली.

नवरात्र झाल्यावर फारुकभाईने सांगितलं, मथुराकाकी पनवेलला लेकीकडे जाताहेत, कायमच्या. शनिवारी दुपारच्या गाडीने. त्याने सामान गाडीपर्यंत पोचवायचं कबूल केलं होतं, पण त्याची पाळी बदलली होती.

“तू जातेस?” त्याने विचारलं.

“त्यांनी येऊ नको म्हटलंय.”

“तेव्हा म्हटलं होतं,” फारुकभाई म्हणाला.

समीक्षा खेड स्टेशनात पोचली तेव्हा काकी बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी वेदिका, आणि भोवती तीन बॅगा, दोन पिशव्या, एक तांदळाचं पोतं. समीक्षाला पाहून वेदिका उठली. काकी उठल्या नाहीत.

“फारुकभाईंची पाळी आहे,” समीक्षा म्हणाली. “म्हणून मी आले. सामान चढवून जाते.”

“बस,” काकी म्हणाल्या.

ती बाकाच्या टोकाला बसली. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. वेदिका पाण्याची बाटली आणायला गेली. समोरच्या रुळांवरून मालगाडी गेली, वर ट्रक लादलेली, आणि ती पूर्ण जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं.

“वेदिकानं सगळं वाचलं तुमचं,” काकी म्हणाल्या. “ते चार पानांचं. साहेबांनी आणून दिलंन घरी. स्वतः आले होते.”

समीक्षाला हे माहीत नव्हतं.

“तुझा राग आहे मला. आत्ता पण आहे. कमी होईल म्हणतात, मला नाय वाटत. तो साखरपुडा नसता, तुझं काम नीट असतं, तर आज मी ह्या बाकावर नसते. हे मला रोज सकाळी आठवतं.”

“हो काकी.”

“हो म्हणू नको नुसतं.” काकींनी पोत्याची सुटलेली गाठ परत आवळली. “आणि त्यांचा पण राग आहे. तुझ्यापेक्षा जास्त. गोळ्या घ्यायचे ते मला माहीत पण नव्हतं. लपवल्यान माझ्यापासून. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावता येत नाय धड, म्हणून तो सगळा तुझ्यावर निघतो.”

समीक्षाने पायाशी घसरलेली पिशवी उचलून बाकावर ठेवली.

“पण तू सांगितलंस. त्या खोलीत. खोटं बोलून मोकळी होऊ शकली असतीस. ते मी विसरले नाय. दोन्ही आहे माझ्या मनात, काय करू? एकाने दुसरं जात नाय.”

गाडीची घोषणा झाली. वेदिका धावत आली. तिघींनी मिळून सामान चढवलं, पोतं समीक्षाने खांद्यावर घेतलं. काकी खिडकीशी बसल्या, आणि वेदिका परत दारात आली.

“बाबा तुमच्याबद्दल बोलायचे घरी,” ती म्हणाली. “म्हणायचे, दोन वर्षांत ही माझ्यापेक्षा बरी तयार होईल. मग मी निवांत.”

गाडी हलली. खिडकीतून काकींनी तिच्याकडे पाहिलं. हात केला नाही, पण नजर काढूनही घेतली नाही. डबा फलाटाच्या टोकाशी जाईपर्यंत त्या तशाच बघत होत्या.

फलाट रिकामा झाला. समीक्षाच्या खांद्याला तांदळाचा कोंडा लागला होता. तिने तो झटकला. मग ती त्याच बाकावर बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. हमाल दोनदा जवळ येऊन परत गेला. किती वेळ गेला तिने पाहिलं नाही.

तीन वाजता तिची पाळी सुरू होत होती. स्वरूप एकटाच होता वर. तिने नळावर तोंड धुतलं, बाहेर येऊन लोट्याची रिक्षा पकडली, आणि निघाली.